भुकटी की रेझिन?

साशंक : सच्छिद्र सिरॅमिक करायला पॉलिमरची वाट धरायची तरी कशासाठी, ते आधी सांगा. मातीत भाताचं तूस कालवायचं, भांडं घडवायचं, भाजायचं. तूस जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. निकाराग्वापासून कंबोडियापर्यंत पाणी गाळायची मातीची भांडी अशीच तयार होतात. ओतकामाच्या कारखान्यात जा. साच्यात वितळलेलं लोखंड ओतताना वाटेत सिलिकॉन कार्बाइडचा फोम फिल्टर ठेवतात, मळी त्यात अडकते. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. तो करायची युक्ती साठ वर्षांहून जुनी आहे : पॉलियुरेथेनचा स्पंज सिरॅमिकच्या पातळ लगद्यात बुडवायचा, पिळायचा, वाळवायचा, भाजायचा. 1963 मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट निघालं. डिझेल गाडीचं उदाहरण तर आणखी मोठं. भारतात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि धुरातली काजळी अडवणारा सिरॅमिकचा ठोकळा डिझेल गाड्यांना बसू लागला. त्याला आरपार बारीक चौकोनी नळ्या असतात, एकाआड एक नळीचं तोंड बुजवलेलं असतं, त्यामुळे धुराला भिंतीतूनच जावं लागतं. भिंतीत साधारण 40 ते 60 टक्के पोकळी, छिद्रं 10 ते 20 मायक्रॉनची. हे सगळं भुकटीतून होतं, लाखोंच्या संख्येने होतं आणि परवडतं. मग जे काम जमलेलं आहे त्यासाठी महागडं रेझिन का आणायचं?

समर्थक : त्याच फोम फिल्टरची एक दांडी मोडून भिंगाखाली धरा. आतून पोकळ दिसेल. स्पंजचा धागा जळून गेला तिथे तिकोनी बोगदा उरलेला असतो आणि त्याच्या टोकदार कोपऱ्यांतून तडे निघालेले असतात. लगदा धाग्याच्या कडांवर पातळ बसतो, वाळताना तिथेच फाटतो. ओतकामात हे खपून जातं, कारण फिल्टर एकदाच वापरायचा असतो. पण वर्षानुवर्षं तापणारं-निवणारं उत्प्रेरकाचं आसन करायचं असेल, तर ही दांडी भरवशाची नाही. भुकटीची खरी अडचण कणाच्या आकारात आहे. भिंत 20 मायक्रॉनची हवी आणि कण 5 मायक्रॉनचे असले, तर जाडीत चार कण मावतात. एक निसटला की खाच पडली. कण बारीक घेतले तर लगदा घट्ट होतो, मग तो बारीक जागेत शिरत नाही. शिवाय सिलिकॉन कार्बाइडचे कण एकमेकांना नीट सांधायचे तर भट्टी 2000 अंश सेल्सिअसच्या वर न्यावी लागते.

रेझिनमध्ये कणच नसतात. सिलिकॉन रेझिन घ्या : साखळीत सिलिकॉन आणि ऑक्सिजन आळीपाळीने, सिलिकॉनला लटकलेले मिथिल गट. ते पातळ असताना ओता, द्रावकात विरघळवा, फुगवा, प्रकाश पाडून घट्ट करा. प्लॅस्टिकला जे जे आकार देता येतात ते सगळे त्याला देता येतात. मग नायट्रोजन किंवा आर्गॉनमध्ये 1000 ते 1200 अंशांपर्यंत तापवा. हायड्रोजन आणि मिथेन निघून जातात. मागे सिलिकॉन, ऑक्सिजन आणि कार्बन यांचं स्फटिक नसलेलं जाळं राहतं, त्याला सिलिकॉन ऑक्सिकार्बाइड म्हणतात. साखळी वेगळी निवडली तर पदार्थ वेगळा : पॉलिकार्बोसिलेनपासून सिलिकॉन कार्बाइड, पॉलिसिलाझेनपासून सिलिकॉन कार्बोनायट्राइड. आकार आधी ठरतो, सिरॅमिक नंतर होतं. भुकटीच्या वाटेवर हा क्रम मिळत नाही.

या वादाची मुळे जपानमध्ये आहेत. तोहोकू विद्यापीठातल्या सेइशी याजिमा यांनी 1975 मध्ये पॉलिकार्बोसिलेनचे धागे ओढून त्यांपासून सिलिकॉन कार्बाइडचे तंतू केले. निप्पॉन कार्बन कंपनीने पुढे ते ‘निकॅलॉन’ या नावाने बाजारात आणले. त्याच घराण्यातले सुधारलेले तंतू आज लीप जातीच्या विमान इंजिनात, टर्बाइनच्या पात्यांभोवतीच्या आच्छादनात वापरले जातात. पॉलिमरपासून सिरॅमिक करण्याचे सगळ्यात ठोस यश कोणते, असे विचारले तर दोन्ही पक्ष याच तंतूंकडे बोट दाखवतील. मात्र त्यातून दोघे वेगवेगळे धडे घेतात.

साशंक : याजिमांचं काम मोठंच आहे. पण तो तंतू का जमला ते बघा. त्याची जाडी 15 मायक्रॉनच्या आसपास. इतक्या बारीक वस्तूतून वायू सहज बाहेर पडतो, म्हणून ती टिकते. जाड तुकडा करून पाहा. हिशेब सोपा आहे. 100 घन सेंटीमीटर रेझिन घ्या, घनता 1.1, म्हणजे 110 ग्रॅम. चांगल्या रेझिनचं सुमारे 80 टक्के वजन सिरॅमिकमध्ये उतरतं, म्हणजे 88 ग्रॅम. सिलिकॉन ऑक्सिकार्बाइडची घनता 2.2 धरली तर हाती 40 घन सेंटीमीटर आले. साठ टक्के आकारमान गेलं, आणि प्रत्येक बाजू चतुर्थांशाहून जास्त आखडली. हे सगळं मुख्यतः 400 ते 800 अंशांच्या पट्ट्यात घडतं, नेमकं त्याच वेळी आतून वायू सुटत असतो आणि पदार्थ रबरासारखा लवचिक राहिलेला नसतो. काही मिलिमीटर जाडीचा भरीव तुकडा अशा वेळी तडकतो, अनेकदा चुराच हाती येतो. म्हणून विमानाच्या भागांसाठी लोक काय करतात? तंतूंच्या विणीत रेझिन भरतात, भाजतात, आखडल्यामुळे पडलेल्या फटींत पुन्हा भरतात, पुन्हा भाजतात. सहा-आठ वेळा हेच चालतं. जो पदार्थ स्वतःहून फटी पाडतो आणि ज्या फटी बुजवण्यात माणसांचे आठवडे जातात, त्यालाच तुम्ही छिद्रांचा उस्ताद म्हणता?

समर्थक : हो, आणि तुमच्याच हिशेबावरून म्हणते. वायूला बाहेर पडायला किती अंतर कापावं लागतं, यावर सगळं अवलंबून आहे. भरीव विटेत ते अंतर सेंटीमीटरांत मोजावं लागतं. त्याच विटेत एकमेकांना जोडलेली छिद्रं असली, तर वायूला फक्त जवळच्या भिंतीच्या पृष्ठभागापर्यंत यायचं असतं, म्हणजे दहा-वीस मायक्रॉन. पुढचा रस्ता मोकळाच आहे. तंतूला जे बारीकपणामुळे मिळतं, ते जाळीला तिच्या बारीक दांड्यांमुळे मिळतं, वस्तू बाहेरून कितीही मोठी दिसो. भरीव सिरॅमिक करणाऱ्याला या रसायनाचा जो दोष नडतो, तो सच्छिद्र सिरॅमिक करणाऱ्याला जवळजवळ नडतच नाही. म्हणून मी म्हणते की या पदार्थाचं स्वाभाविक रूप तंतू, पातळ थर आणि जाळी हेच आहे. वीट आणि ठोकळा भुकटीवाल्यांनी खुशाल ठेवावेत.

छिद्रं पाडायच्या रीती तर हव्या तितक्या आहेत. इटलीत पादुआला पाओलो कोलोंबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉन रेझिन पॉलियुरेथेनच्या रसायनांबरोबर मिसळून फुगवलं आणि भाजून फोम मिळवला. त्याच्या दांड्या भरीव निघाल्या, तुमच्या फिल्टरसारख्या पोकळ नाहीत. छोटी छिद्रं हवी असतील तर ॲक्रिलिकचे बारीक मणी रेझिनमध्ये घाला. रेझिन आधी घट्ट होतं, मग 300 ते 400 अंशांच्या दरम्यान ॲक्रिलिकची साखळी सुटी होऊन वाफ होते, मागे राखही राहत नाही. मण्याचा आकार हाच छिद्राचा आकार.

आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोठवण्याची रीत. अमेरिकेत कॅल्टेकमध्ये कॅथरीन फेबर यांच्या गटाने तिच्यावर बारकाईने काम केलं आहे. रेझिन सायक्लोहेक्सेनमध्ये विरघळवतात. हा द्रावक 6.5 अंशांना गोठतो. भांडं फक्त खालून थंड केलं की द्रावकाचे स्फटिक खालून वर वाढत जातात आणि रेझिनला बाजूला ढकलत जातात. मग कमी दाबाखाली ते स्फटिक वितळू न देता थेट वाफ करून काढून टाकायचे. स्फटिक जिथे होते तिथे नळ्या राहतात, एका दिशेने उभ्या, फांद्या फुटलेल्या. द्रावक बदला, छिद्राचा घाट बदलतो : टर्शरी ब्युटेनॉलमध्ये सरळ नळ्या मिळतात, डायमिथिल कार्बोनेटमध्ये एकावर एक पापुद्रे. थंड करण्याचा वेग वाढवला की छिद्रं बारीक होतात. भुकटीचा लगदाही गोठवता येतो, गोठवतातही; पण त्यात कण स्फटिकांच्या फांद्यांमध्ये जितके शिरतील तितकाच तपशील उतरतो. रेझिनचं द्रावण फांदीच्या अगदी टोकापर्यंत पोहोचतं. हे मुद्दाम सांगते, कारण गाळण्यात छिद्राचा व्यास फार मोलाचा असतो. सरळ नळीतून किती सहज प्रवाह जातो हे व्यासाच्या वर्गावर ठरतं. व्यास निम्मा झाला तर तितक्याच पोकळीतून प्रवाह चौपटीने कमी. छिद्रांची फक्त टक्केवारी सांगून भागत नाही. ती किती मोठी, किती सरळ, किती जोडलेली, हे हाती असावं लागतं.

गोठवण्याच्या रीतीबद्दल समर्थक जे म्हणते ते या सगळ्या वादातले सर्वांत वजनदार विधान आहे. तूस किंवा स्पंज छिद्राची जागा घेतात, पण ती कशी वाढेल हे ठरवत नाहीत. इथे तापमानाचा उतार हेच हत्यार बनते.

साशंक : प्रयोगशाळेत हे देखणं दिसतं, मी नाकारत नाही. 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एचआरएल प्रयोगशाळेचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. अतिनील प्रकाशाने घट्ट होणारं सिलॉक्सेनचं मिश्रण, थ्रीडी प्रिंटरमधून काढलेल्या जाळ्या, भाजल्यावर सिलिकॉन ऑक्सिकार्बाइड. वजन 42 टक्क्यांनी घटलं, प्रत्येक बाजू 30 टक्क्यांनी आखडली, तरी आकार जसाच्या तसा उतरला. सारख्या घनतेच्या सिरॅमिक फोमपेक्षा जाळ्या मजबूत निघाल्या. उत्तम. पण मजबुती दाबून मोजतात. सच्छिद्र सिरॅमिक दाबलं तर एकेक दांडी मोडत जाते आणि वस्तू काही काळ भार घेत राहते, आकडा छान येतो. तीच ताणून किंवा वाकवून पाहा. एका दांडीतला दोष आख्खी जाळी फाडू शकतो. ग्रिफिथने 1921 मध्ये काचेबद्दल जे दाखवलं ते इथेही लागू आहे : ताकद पदार्थाची नसते, त्यातल्या सर्वांत वाईट फटीची असते. लहान नमुन्यात वाईट फट सापडण्याची शक्यता कमी, मोठ्या वस्तूत जास्त. लहान जाळीवरून मी मोठ्या वस्तूची खात्री कशी धरू?

दुसरी शंका याहून खोल आहे. तुम्ही ज्याला सिरॅमिक म्हणता तो पदार्थ अर्ध्या वाटेवर थांबलेला आहे. सिलिकॉन ऑक्सिकार्बाइड म्हणजे सिलिका, सिलिकॉन कार्बाइड आणि सुटा कार्बन यांचं एकमेकांत गुंतलेलं मिश्रण, स्फटिक व्हायला वेळ न मिळालेलं. 1200-1300 अंशांच्या वर ते वेगळं व्हायला लागतं. त्याही वर सिलिका आणि कार्बन एकमेकांशी भिडतात, कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि वजन घटतं. निकॅलॉनच्या पहिल्या तंतूंचं दुखणं हेच होतं. हवेत घट्ट केल्यामुळे त्यांत सुमारे 12 टक्के ऑक्सिजन शिरला होता, म्हणून 1200 अंशांच्या वर ते कमकुवत होत. पुढे इलेक्ट्रॉनच्या झोताने घट्ट केले तेव्हा ऑक्सिजन अर्ध्या टक्क्यावर आला. आता विचार करा, ज्या पदार्थाचा पृष्ठभाग मुद्दाम वाढवलेला आहे त्यात असं दुखणं किती वेगाने पसरेल.

समर्थक : दुखणं खरं आहे, पण ते सर्वत्र सारखं नाही. कोलोरॅडोचे रिशी राज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पदार्थाचं जे चित्र मांडलं त्यात सिलिकाचे काही नॅनोमीटरचे पुंजके आहेत आणि त्यांच्याभोवती कार्बनच्या पातळ चादरी. त्या चादरींमुळेच पदार्थ तापवल्यावर सहजी वाहत नाही. शुद्ध सिलिका काच ज्या तापमानाला सावकाश वाकायला लागते तिथे हा ताठ राहतो. म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबणं हा निव्वळ दोष नव्हे, त्यात एक वेगळा गुण आहे. त्यापुढचं एक उदाहरण देते. 500 ते 700 अंशांच्या दरम्यान, वायू निघत असताना, भिंतीत नॅनोमीटरपेक्षाही बारीक छिद्रं तयार होतात. त्या टप्प्याला भट्टी थांबवली तर एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. 1000 अंशांपर्यंत गेलात की ती छिद्रं मिटून जातात. म्हणजे एकाच रेझिनमधून, तापमान कुठे थांबवलं यावर, वायू शोषणारा पदार्थही मिळतो आणि घट्ट भिंतींचा फिल्टरही. भुकटीकडे असा टप्पा नाही. मात्र 1200 अंशांना पाण्याच्या वाफेत सिलिकाचं सिलिकॉन हायड्रॉक्साइड होऊन उडून जातं, हे मी लपवत नाही. टर्बाइनच्या सिलिकॉन कार्बाइडलाही म्हणूनच वरून संरक्षक लेप द्यावा लागतो. जाळीच्या आतल्या प्रत्येक दांडीला लेप देणं सोपं नाही. तेवढ्या तापमानाच्या वाफेत मी ही जाळी आज ठेवणार नाही. 900 अंशांच्या कोरड्या वायूत जरूर ठेवीन.

साशंक : मग किंमत. पॉलिकार्बोसिलेन करण्याच्या मूळ रीतीत डायमिथिल डायक्लोरोसिलेनवर सोडियम धातू टाकावा लागतो. पाण्याशी पेटणारा सोडियम कारखान्यात बाळगणं म्हणजे काय हे रसायनवाल्यांना विचारा. त्यापासून झालेले तंतू कार्बन तंतूंच्या कितीतरी पट महाग पडतात. गोठवण्याच्या रीतीत द्रावक परत मिळवावा लागतो, निर्वात टाकी लागते, निष्क्रिय वायूची भट्टी लागते आणि तिच्यातून हायड्रोजन-मिथेन बाहेर पडतात, म्हणजे स्फोटाची काळजी. तुसाची भट्टी यांपैकी काही मागत नाही.

समर्थक : पॉलिकार्बोसिलेनचं मान्य. पण साधं मिथिल सिलिकॉन रेझिन काही दुर्मीळ वस्तू नाही. 1940 मध्ये रोखाऊ यांनी सिलिकॉन धातूवर मिथिल क्लोराइड सोडून क्लोरोसिलेन करण्याची रीत शोधली, तेव्हापासून सिलिकॉनचं रसायन टनांनी चालतं. गाडीच्या सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक रंगात हेच रेझिन असतं. आणि किंमत किलोवर का मोजायची? सच्छिद्र वस्तूत माणूस पोकळी विकत घेतो. एका लिटर जाळीत सिरॅमिक जेमतेम शंभर-दोनशे ग्रॅम असतं. दाब किती कमी पडला, पृष्ठभाग किती मिळाला, यावर दर लावा; मग कोण स्वस्त ते वेगळं निघेल.

साशंक : दर कशावर लावायचा, यात तुमचं म्हणणं मला पटतं. पण दराआधी मोठा आकार निघायला हवा, आणि तुमचा आधीचा युक्तिवाद मला तिथेच अपुरा वाटतो. वायूचं अंतर भिंतीच्या जाडीवर ठरतं, वस्तूच्या आकारावर नाही, असं तुम्ही म्हणालात. वायूपुरतं ते खरं. उष्णतेचं काय? सच्छिद्र सिरॅमिक उष्णतारोधक असतं, म्हणून तर आपण त्याच्यामागे आहोत. 30 सेंटीमीटरची जाळी भट्टीत ठेवली की बाहेरचा थर आधी तापतो, आधी आखडतो. गाभा अजून थंड आणि मूळ आकाराचा. तीस टक्के आखडायचं म्हणजे 30 सेंटीमीटरची बाजू 21 वर येते. बाहेरच्याने नऊ सेंटीमीटर सरकायचं ठरवलं आणि आतल्याने नाही म्हटलं, तर मधल्या दांड्या तुटणारच. छिद्रांनी वायूचा प्रश्न सोडवला आणि उष्णतेचा निर्माण केला.

समर्थक : भट्टी सावकाश चढवावी लागते, मोठ्या वस्तूला फारच सावकाश. दुसरी वाट जर्मनीत एरलांगेनला पेटर ग्राइल यांनी 1990च्या दशकात दाखवली : रेझिनमध्ये टायटॅनियमसारख्या धातूची भुकटी घालायची. ती रेझिनच्या कार्बनशी नाहीतर भट्टीतल्या नायट्रोजनशी संयोग पावून फुगते आणि आखडणं भरून काढते.

साशंक : म्हणजे भुकटी परत आली. कण आले की तुमच्या बारीक भिंती गेल्या, प्रकाशाने घट्ट करायचं तर तो कणांवर विखुरला, आणि गोठणाऱ्या स्फटिकांच्या फांद्यांत शिरायलाही अडथळा.

समर्थक : बारीक भिंतीच्या वस्तूला ती वाट बंद आहे, खरं आहे. मग तिसरी. सिलिकॉन कार्बाइडचा डिझेल फिल्टर तरी कुठे अखंड असतो? तापल्यावर फुगून तडकू नये म्हणून तो लहान चौकोनी खंडांत करतात आणि खंड एकमेकांना चिकटवतात. 2000 साली प्यूजोच्या गाडीत बसला तोही असाच जोडलेला होता. मीही पाच सेंटीमीटरचे खंड करीन. तेवढा खंड सारखा तापतो, सारखा आखडतो.

साशंक : जोडणार कशाने? त्यांची जोडणारी लुकणी भुकटीची आहे आणि खंड आधीच भाजून झालेले आहेत, त्यामुळे लुकणी फारशी आखडत नाही. तुम्ही रेझिनची लुकणी वापरलीत तर तीच चतुर्थांशाने आखडून सांधे उघडेल. भुकटी घातलेली वापरलीत तर तिचं प्रसरण जाळीशी जुळायला हवं, आणि ती छिद्रांत उतरून कडेच्या नळ्या बुजवायला नको.

समर्थक : ग्राइल यांची भुकटी भिंतीत चालत नसेल, सांध्यात चालेल. तिथे जाडी मिलिमीटरभर असते, कण मावतात. धातूचं प्रमाण इतकंच ठेवायचं की सांधा ना आखडेल ना फुगेल. कडेच्या नळ्यांसाठी खंडाच्या बाहेरच्या बाजूला आधीच घट्ट साल ठेवता येते. गोठवण्याच्या भांड्याच्या भिंतीलगत ती नाहीतरी धरतेच.

साशंक : आणि त्या सालीतून वायू कसा निघणार? ती किती जाड झाली की तडकते, हा आकडा आधी काढा. मग सांध्याचं बोलू.